जेटचं टाइप रेटिंग स्वतःच्या पैशाने करावं का? पैसे भरण्याआधी हे तपासा

माझं उत्तर आधीच सांगते. विमान कंपनीचं लेखी नेमणूकपत्र हातात नसेल, आणि लाइन ट्रेनिंग (प्रवासी उड्डाणांवर ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी बसून घेतलेलं प्रशिक्षण) आम्ही देऊ असं त्या पत्रात स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर स्वतःच्या पैशाने जेटचं टाइप रेटिंग (लायसन्सवर चढणारी, एका ठराविक जातीचं विमान उडवण्याची परवानगी) करू नका. याला अपवाद आहेत आणि त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण लायसन्स नुकतंच मिळालेल्या, दोन-अडीचशे तासांच्या पायलटला ते अपवाद बहुतेक वेळा लागू होत नाहीत.

मी एअरबस ए-३२० वर टाइप रेटिंग इन्स्ट्रक्टर आहे. आधी टर्बोप्रॉपवर (पंख्याच्या विमानावर) को-पायलट म्हणून उजव्या खुर्चीत, मग कॅप्टन म्हणून डाव्या खुर्चीत, मग जेटवर, अशी माझी वाट झाली. आता माझा बराचसा वेळ सिम्युलेटरमध्ये, शिकणाऱ्या दोघांच्या मागे बसून जातो. समोरच्या दोघांपैकी एकाला कंपनीने पाठवलेलं असतं आणि दुसऱ्याने घर गहाण टाकून पैसे भरलेले असतात, असं कित्येकदा होतं. दोघांना मी तेच शिकवते आणि दोघांची परीक्षाही तीच. परीक्षेनंतर मात्र एक जण विमानात जातो आणि दुसरा घरी जाऊन ईमेलची वाट पाहतो. ही वाट पाहणारी मुलं-मुली मला नंतर फोन करतात, म्हणून हे लिहिते आहे.

पैसे देऊन नेमकं काय मिळतं

इकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ प्रमाणे किमान दोन पायलट लागतील असं प्रमाणित झालेल्या विमानाला टाइप रेटिंग लागतं. अमेरिकेत एफएए ही सरकारी विमान वाहतूक संस्था ते प्रत्येक टर्बोजेट विमानाला आणि १२,५०० पौंडांपेक्षा जड विमानाला मागते. म्हणजे रेटिंग केल्याशिवाय एअरलाइनच्या जेटमध्ये बसता येत नाही, यात शंका नाही. ते कोणी आणि कधी करून द्यायचं, एवढाच प्रश्न आहे.

कोर्स साधारण सहा ते आठ आठवड्यांचा असतो. सुरुवातीला ग्राउंड स्कूल: हायड्रॉलिक्स, इलेक्ट्रिकल, एअर कंडिशनिंग, फ्लाइट कंट्रोल्स, परफॉर्मन्स, वजन आणि समतोल, मग लेखी परीक्षा. त्यानंतर न हलणाऱ्या प्रशिक्षण यंत्रात कॉकपिटच्या क्रिया, चेकलिस्ट, फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटर. मग फुल फ्लाइट सिम्युलेटर. हे सेशन बहुधा चार तासांचं असतं. दोन तास तुम्ही उडवता, दोन तास जोडीदार उडवतो आणि तुम्ही मॉनिटरिंग करता. टेकऑफच्या ऐन वेगात इंजिन जाणं, एका इंजिनावर आयएलएसने (रेडिओ-मार्गदर्शनाने) उतरायला येणं आणि तिथूनच गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं), रिजेक्टेड टेकऑफ (धावपट्टीवरच टेकऑफ सोडून देणं), केबिनमधला दाब जाऊन तातडीने खाली येणं, विंडशिअर (वाऱ्याचा अचानक बदल), टीकॅसचा (दुसऱ्या विमानाशी टक्कर टाळणाऱ्या यंत्राचा) इशारा, दुहेरी हायड्रॉलिक बिघाड, हे सगळं त्यातच येतं. शेवटी स्किल टेस्ट. ती पास झाली की नवख्या पायलटला बेस ट्रेनिंग, म्हणजे खऱ्या, रिकाम्या विमानात सर्किट, म्हणजे विमानतळाभोवती फेऱ्या, मारून लँडिंग. युरोपच्या नियमांत साधारण सहा लँडिंग धरतात. आधीचा पुरेसा जेट अनुभव असेल तर हा टप्पा वगळता येतो. नवख्यांना ती सवलत नाही.

इथे लायसन्सवर रेटिंग चढतं आणि तुमचे पैसे संपतात. पण तुम्ही अजून प्रवासी घेऊन उडू शकत नाही. त्यासाठी विमान कंपनीचा स्वतःचा कन्व्हर्जन कोर्स लागतो, कंपनीच्या एसओपी (ठरलेल्या कार्यपद्धती) शिकाव्या लागतात आणि मग ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी बसून लाइन ट्रेनिंग करावं लागतं. नव्या पायलटला त्यात कित्येक डझन सेक्टर (एकेक उड्डाण) लागतात. शेवटी लाइन चेक, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणावरची परीक्षा. हा भाग कुठल्याही स्कूलमध्ये होत नाही, कारण स्कूलकडे प्रवासीही नाहीत आणि वेळापत्रकही नाही.

पैसे भरणाऱ्यांना हे आधी कोणी नीट सांगत नाही, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा सांगते. रेटिंग हा पूर्ण प्रशिक्षणाचा पहिला भाग आहे. दुसरा भाग कंपनीच्या हातात आहे, आणि कंपनीने तुम्हाला घेतलं नाही तर पहिल्या भागाचा उपयोग जवळजवळ शून्य.

जाहिरातीत ‘टाइप रेटेड’ लिहिलेलं असतं तेव्हा

भरतीच्या जाहिरातीत ‘ए-३२० टाइप रेटेड फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) हवेत’ असं वाचून मुलं स्कूलकडे धाव घेतात. जाहिरात शेवटपर्यंत वाचा. खाली बहुतेकदा त्या विमानावरच्या तासांची अट असते. ५०० तास ही नेहमी दिसणारी अट. म्हणजे कंपनीला रेटिंग आणि उडवण्याचा अनुभव दोन्ही हवं आहे, कारण तिला लाइन ट्रेनिंगचा खर्च आणि ट्रेनिंग कॅप्टनचे दिवस वाचवायचे आहेत. कोरं रेटिंग घेऊन गेलात तर तिचा तो खर्च वाचत नाही. मग तुमच्यात आणि रेटिंग नसलेल्या हुशार उमेदवारात तिच्या दृष्टीने फार फरक उरत नाही.

त्यात बाजार कधी फिरेल याचा नेम नसतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये मोनार्क बंद पडली, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज, सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कुक, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. अशी कंपनी बंद पडली की एका आठवड्यात ए-३२० किंवा बोइंग ७३७ वरचे हजारो तासांचे पायलट अर्ज करायला लागतात. त्यांच्या रांगेत तुमचं शून्य तासांचं रेटिंग सगळ्यात शेवटी जातं. मार्च २०२० मध्ये साथीमुळे जगभरचे ताफे जमिनीवर आले, तेव्हा तर कंपन्यांमध्ये लागलेल्यांच्याही नोकऱ्या गेल्या. २०१९ च्या शेवटी रेटिंग पूर्ण केलेल्या मुलांचं काय झालं असेल, विचार करा.

७३७ मॅक्सचं उदाहरणही लक्षात ठेवा. मार्च २०१९ मधल्या दुसऱ्या अपघातानंतर ते विमान जगभर जमिनीवर आलं आणि अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये परत उडायला मोकळं झालं. त्या काळात ज्या कंपन्या मॅक्सच्या भरवशावर वाढणार होत्या, त्यांची भरती लांबली. ७३७ चं रेटिंग खिशातून केलेल्या पायलटचा त्यात काही दोष नव्हता, पण बँकेचा हप्ता त्यासाठी थांबत नाही.

आणखी एक गोष्ट स्कूलचे विक्रेते सांगतात: अमेरिकेतली साउथवेस्ट कित्येक वर्षं उमेदवारांकडून ७३७ चं रेटिंग मागत होती, तरी लोक स्वखर्चाने ते करून लागलेच ना? खरं आहे. पण ते उमेदवार हजारो तास उडवून आलेले होते, त्यातले कित्येक लष्करातून किंवा दुसऱ्या एअरलाइनमधून. त्यांच्या अनुभवाला फक्त एक कागद कमी होता. तुमच्याकडे तो कागद असेल आणि अनुभव नसेल, तर ते उदाहरण तुमच्या कामाचं नाही. शिवाय आज अमेरिकेतल्या बहुतेक एअरलाइन्स, प्रादेशिकसुद्धा, नव्या पायलटचं टाइप रेटिंग स्वतःच्या प्रशिक्षणात करून देतात.

रेटिंग जुनं होतं

युरोपीय नियमांखाली, म्हणजे इयासा या युरोपीय विमान सुरक्षा संस्थेच्या, टाइप रेटिंग एक वर्ष टिकतं. दरवर्षी प्रोफिशियन्सी चेक (उड्डाण-कौशल्याची परीक्षा) द्यावा लागतो, आणि त्यासाठी सिम्युलेटर, परीक्षक, जोडीदार, सगळं तुमच्या खर्चाने. मुदत उलटली तर आधी रिफ्रेशर ट्रेनिंग लागू शकतं. खंड जितका मोठा तितकं ट्रेनिंग जास्त, आणि फार वर्षं गेली तर जवळपास नव्याने सुरुवात. अमेरिकेत रेटिंग सर्टिफिकेटवर कायम राहतं, पण म्हणून उद्या उठून कोणी विमान हातात देत नाही; चालू सराव आणि चेक दाखवावाच लागतो. प्रवासी घेऊन उडायचं तर ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग हा नियम जवळजवळ सगळीकडे आहे.

कागदाच्या मुदतीपेक्षा हाताची मुदत आधी संपते. वर्षभर न उडवता चेकला आलेल्यांना मी पाहते. सिस्टिमचं पाठांतर उत्तम असतं. पण व्ही-वनच्या (ज्या वेगानंतर टेकऑफ सोडता येत नाही त्याच्या) पुढे इंजिन गेलं की चालू इंजिनाच्या बाजूचा पाय आपोआप पुढे जायला हवा, तो अर्धा क्षण उशिरा जातो आणि विमान मध्यरेषा सोडतं. मग घाईत रडर जास्त. मग ऑटोपायलट लावायची धडपड. नियमित उडवणाऱ्याला हे करताना विचारही करावा लागत नाही. एअरलाइनच्या निवड चाचणीतल्या परीक्षकालाही हा फरक पहिल्या दहा मिनिटांत दिसतो. रेटिंग करून वर्षभर बसलेला उमेदवार कधीकधी रेटिंग न केलेल्या पण नुकता सराव केलेल्या उमेदवारापेक्षा कच्चा वाटतो. हे त्याला सांगताना मला फार वाईट वाटतं, कारण त्याने मेहनत कमी केलेली नसते.

हिशोब कसा मांडायचा

फीचा आकडा पाहून हबकू नका आणि ‘पगार सुरू झाला की फिटेल’ असंही म्हणू नका. आधी खर्चाची पूर्ण यादी करा. कोर्स फीमध्ये बेस ट्रेनिंग आहे का? पुष्कळदा नसतं, आणि खऱ्या जेटचा सर्किटचा तास हा सगळ्यात महागडा भाग. लायसन्सवर नोंद करण्याची फी, राहणं-जेवण, प्रवास, स्किल टेस्टच्या परीक्षकाची फी, एखादं जास्तीचं सेशन लागलं तर त्याचे पैसे, पुनर्परीक्षा लागली तर तिचे. जास्तीचं सेशन लागणं ही लाजेची गोष्ट नाही, चांगल्या चांगल्यांना लागतं. पण खिशात त्याची तरतूद नसली की मुलगा त्या भीतीनेच बिघडतो. मी ते मागच्या खुर्चीतून पाहिलं आहे. एकूण रकमेच्या वर निदान एक पंचमांश राखीव ठेवता येत नसेल तर सुरूच करू नका.

मग कर्ज. प्रत्येक १०० च्या कर्जाला वार्षिक १२ टक्के व्याज आणि पाच वर्षांचे मासिक हप्ते धरले, तर परत करायचे सुमारे १३३ होतात. नोकरी वर्षभर उशिरा लागली आणि तोवर व्याज मुद्दलात जमत गेलं, तर तेच सुमारे १५०. त्यात त्या वर्षीचा प्रोफिशियन्सी चेक वेगळा. तुमच्या बँकेचा दर घालून हे स्वतः करून पाहा, आणि मग हप्त्याची तुलना नव्या फर्स्ट ऑफिसरच्या हातात पडणाऱ्या पगाराशी करा. जाहिरातीतल्या कमाल पगाराशी नको; लाइन ट्रेनिंगच्या काळात कित्येक कंपन्या कमी पगार किंवा नुसता भत्ता देतात. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशावर जात असेल तर तो तुमच्या झोपेवर जाणार आहे. थकलेला, पैशाच्या काळजीतला पायलट आजारी असूनही ड्युटीवर येतो. म्हणून हा प्रश्न माझ्या लेखी सुरक्षिततेचा आहे.

पैसे भरण्याआधी मेडिकल बघा. क्लास वन (व्यावसायिक पायलटला लागणारं मेडिकल प्रमाणपत्र) ताजं असू द्या, आणि काही शंका असेल तर तिचा निकाल आधी लावून घ्या. कर्ज घेणारच असाल तर लायसन्स गमावल्यास भरपाई देणारा विमा कर्जाच्या रकमेइतका तरी घ्या. कर्जाला आई-वडील जामीन राहणार असतील तर त्यांना हा सगळा हिशोब कागदावर दाखवा, सगळ्यात वाईट शक्यतेसकट. तो त्यांचा हक्क आहे.

कधी पैसे भरणं योग्य आहे

पहिला प्रसंग वर सांगितलाच: कंपनीने निवड केली आहे, पत्र दिलं आहे, लाइन ट्रेनिंग तिचं आहे, रेटिंगचा खर्च मात्र तुमचा. अनेक देशांत कमी भाड्याच्या एअरलाइन्सचा हाच रिवाज आहे. मला तो आवडत नाही. कंपनीच्या कामासाठी लागणारं प्रशिक्षण कंपनीने द्यावं असंच मी मानते. पण पुढच्या पायरीवर पाय ठेवायला जागा असेल तर तो धोका मोजता येतो.

दुसरा प्रसंग अनुभवी पायलटचा. ७३७ वर तीन-चार हजार तास झाले आहेत, कंपनी बंद पडली, आणि आसपासच्या सगळ्या कंपन्या ए-३२० उडवतात. इथे स्वखर्चाचं रेटिंग अर्थपूर्ण ठरू शकतं, कारण जेटचा अनुभव आधीच आहे, बेस ट्रेनिंगचा खर्च वाचू शकतो, आणि कंपनीलाही लाइन ट्रेनिंग कमी द्यावं लागतं. तरीसुद्धा आधी दोन-तीन कंपन्यांच्या भरती विभागाशी बोलून ‘५०० तास ऑन टाइप’ची अट तुम्हाला लागू होते की नाही ते विचारा.

तिसरा प्रसंग बिझनेस जेटचा. तिथे एक-दोन विमानांचे मालक असतात, स्वतःचा प्रशिक्षण विभाग नसतो, आणि कंत्राटावर उडवणारे पायलट आपलं रेटिंग आपणच सांभाळतात. त्या जगात ओळख आणि आधीचं काम महत्त्वाचं. मालकाने ‘रेटिंग करून ये, पुढच्या महिन्यापासून तू’ असं म्हटलं तर तेही कागदावर घ्या.

कुठलं विमान? नॅरोबॉडी (केबिनमध्ये एकच मार्गिका असलेलं विमान) सोडून दुसरा विचार करू नका. ए-३१८ ते ए-३२१ एकाच रेटिंगमध्ये येतात, त्यामुळे दारं जास्त उघडतात. साउथवेस्टचा सगळा ताफा ७३७ चा, इझीजेटचा सगळा ए-३२० घराण्यातला. तुम्ही ज्या चार-पाच कंपन्यांत खरोखर अर्ज करणार आहात त्यांचे ताफे आणि नव्या विमानांच्या ऑर्डरी पाहून ठरवा. वाइडबॉडीचं (दोन मार्गिकांच्या मोठ्या विमानाचं) रेटिंग नवख्याने स्वतः विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात. त्या खुर्च्यांवर कंपन्या आपल्याच नॅरोबॉडीवरच्या पायलटना वर चढवतात.

करार वाचताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वकिलाला दाखवा; त्याची फी एका सिम सेशनच्या फीपुढे काहीच नाही.

नेमणूकपत्रात ‘विचार करू’, ‘प्राधान्य देऊ’, ‘पूलमध्ये ठेवू’ असे शब्द असतील तर ते नेमणूकपत्र नाही. मला हवी असलेली वाक्यं साधी आहेत: अमुक तारखेला रुजू, अमुक पद, अमुक पगार, लाइन ट्रेनिंग कंपनी देईल, आणि इतक्या महिन्यांत ती लाइन चेकपर्यंत नेईल. तारीख पुढे गेली तर काय, हे लिहिलेलं असलंच पाहिजे. रेटिंग झाल्यावर सहा महिने थांबायला लागलं तर तो काळ बिनपगारी का? त्या दरम्यानच्या प्रोफिशियन्सी चेकचा खर्च कोण भरणार? हा प्रश्न विचारल्यावर समोरचा माणूस अस्वस्थ झाला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

पैसे कोणाला जात आहेत ते पाहा. कंपनीला, तिच्याशी संलग्न स्कूलला, की मधल्या एजन्सीला? एजन्सी बंद पडली तर कंपनी जबाबदारी घेते का? पूर्ण रक्कम एकदम भरू नका. टप्प्याटप्प्याने द्या: थोडी प्रवेशाला, थोडी ग्राउंड स्कूल संपल्यावर, मोठा भाग सिम सुरू होताना, शेवटचा स्किल टेस्टनंतर. स्कूल याला नकार देत असेल तर तिच्याकडे पैशाची चणचण आहे का, हा प्रश्न डोक्यात येऊ द्या. परताव्याची अट आकड्यांत लिहून घ्या. ‘परिस्थितीनुसार’ या शब्दाला अर्थ नाही.

स्वखर्चाचं रेटिंग आणि वर बॉण्ड (ठराविक वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडली तर पैसे भरेन, ही हमी), असं दोन्ही मागणारे करार मी वाचले आहेत. त्यावर सही करू नका. बॉण्ड हा कंपनीने केलेल्या खर्चाच्या बदल्यात असतो. खर्च तुम्ही केला असेल तर बांधून घेण्याचं कारणच उरत नाही.

उलट कंपनी रेटिंगचा खर्च करते आणि तुम्ही तीन वर्षांचा बॉण्ड देता, हा व्यवहार मला नवख्यासाठी सगळ्यात चांगला वाटतो. पण त्यातही अटी पाहा. रक्कम दर महिन्याला समान घटली पाहिजे, म्हणजे दीड वर्षाने सोडलं तर निम्मी देणं लागेल. शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कम उभी राहणारा बॉण्ड अन्याय्य आहे. कंपनीने तुम्हाला कामावरून कमी केलं, मेडिकल गेलं, कंपनी बंद पडली, तर बॉण्ड रद्द, असं स्पष्ट हवं. रक्कम प्रत्यक्ष खर्चाशी जुळते का ते विचारा. बँकेचे कोरे चेक देऊ नका. मूळ लायसन्स, लॉगबुक किंवा प्रमाणपत्रं कोणाच्या ताब्यात ठेवू नका, सत्यप्रती द्या.

लाइन ट्रेनिंगचे तास विकत घेणं

याबद्दल माझं मत बदलणार नाही. काही दलाल ‘रेटिंग अधिक ३०० किंवा ५०० तास लाइन’ असं पॅकेज विकतात. तुम्ही पैसे देऊन प्रवासी विमानात फर्स्ट ऑफिसर म्हणून बसता, आणि तास संपले की खुर्ची पुढच्या गिऱ्हाइकाला. युरोपियन कॉकपिट असोसिएशनसारख्या पायलट संघटना ‘पे टू फ्लाय’च्या विरोधात उभ्या आहेत ते याचसाठी. ज्या खुर्चीवर पगारी माणूस बसायला हवा तिथे पैसे देणारा बसतो, आणि तो कॅप्टनला ‘मी थकलोय’, ‘हे अप्रोच स्थिर नाही, गो-अराउंड करू या’ असं म्हणायला कचरतो, कारण त्याची मिळकत नाही तर गुंतवणूक धोक्यात असते. दुसऱ्या खुर्चीतल्या माणसाने मोकळेपणाने बोलणं यावर दोन पायलटच्या कॉकपिटची सगळी भिस्त आहे. आणि दर वेळी कोणीतरी असे तास विकत घेतो तेव्हा पुढच्या कंपनीला पगार देण्याचं कारण आणखी कमी होतं.

ठरवलंच असेल तर स्कूल कशी निवडायची

लायसन्स ज्या प्राधिकरणाचं, त्याची मान्यता त्या स्कूलला आणि त्याच सिम्युलेटरला आहे का, हे स्कूलच्या शब्दावर न जाता प्राधिकरणाच्या यादीत पाहा. एका देशात केलेलं रेटिंग दुसऱ्या देशाच्या लायसन्सवर आपोआप चढत नाही. सिम कुठल्या पातळीचा आहे ते विचारा. लेव्हल डी ही सर्वोच्च. जोडीदार कोण असेल तेही विचारा. तुमच्यासारखाच शिकणारा जोडीदार असेल तर दोघं मिळून रात्री कॉकपिटच्या पोस्टरसमोर सराव करता. स्कूलचा पगारी माणूस शेजारी बसवला तर तो सगळं वेळेवर करतो, आणि खऱ्या चुका कशा सावरायच्या ते तुम्ही शिकत नाही. सेशन पहाटे दोनला असतील तर तसंही आधी कळू द्या.

वेळ महत्त्वाची. रुजू होण्याची तारीख कळल्यावर तिच्या जवळात जवळ कोर्स ठेवा. आणि रेटिंगच्या आधी इन्स्ट्रुमेंट उड्डाण (बाहेर न पाहता, उपकरणांवर उडवणं) पक्कं करा. होल्डिंग (ठराविक जागी घिरट्या), स्कॅन (उपकरणांवर नजर फिरवणं), कॉम्प्युटरच्या मार्गदर्शनाशिवाय आयएलएसवर स्थिर अप्रोच हे जमत नसताना जेटच्या सिमला येणाऱ्यांचे पहिले काही सेशन त्यातच जातात, आणि त्या तासांचे पैसे जेटच्या दराने पडतात. चांगला मल्टी-क्रू (दोन पायलटनी मिळून काम करण्याचा) कोर्स, त्यात जेट ओरिएंटेशन असेल तर उत्तम, हा रेटिंगच्या मानाने फारच थोड्या पैशांत होतो आणि निवड चाचणीत थेट उपयोगी पडतो. युरोपात पहिल्या मल्टी-पायलट रेटिंगच्या आधी अ‍ॅडव्हान्स्ड यूपीआरटी (विमान बेकाबू होणं टाळण्याचं आणि सावरण्याचं प्रशिक्षण) बंधनकारक आहे, तेही धरा. हातात थोडेच पैसे असतील तर मी ते इथे घालीन, किंवा फ्लाइंग इन्स्ट्रक्टर रेटिंगमध्ये, कारण त्यातून तास वाढतात आणि थोडेफार पैसेही येतात. टर्बोप्रॉपची नोकरी मिळत असेल तर ‘जेट नाही’ म्हणून नाकारू नका. तिथे हाताने उडवायला मिळतं, हवामान जवळून कळतं, आणि जेटच्या मुलाखतीत त्या तासांना मान असतो.

रेटिंग झालंय, नोकरी नाही, अशांसाठी

तुम्ही आधीच पैसे भरले असतील तर वरचं वाचून खचू नका. आता करायचं ते असं. इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि मेडिकल कुठल्याही परिस्थितीत चालू ठेवा. ती गेली तर टाइप रेटिंगही कामाचं राहत नाही. त्याच विमानाचं रेटिंग असलेला जोडीदार शोधा आणि सिमचा वेळ वाटून घ्या, खर्च निम्मा होतो. दर आठवड्याला दोनदा तरी कॉकपिटच्या पोस्टरसमोर बसून नॉर्मल फ्लो (नेहमीच्या क्रियांचा क्रम), मेमरी आयटम्स (आणीबाणीत पाठ असाव्या लागणाऱ्या क्रिया) आणि इंजिन फेल्युअरचे शब्द मोठ्याने म्हणा, मनातल्या मनात नको. लहान विमानावर उडत राहा, शिकवत असाल तर फारच उत्तम. अर्जात ‘टाइप रेटेड’च्या पुढे शेवटच्या सिम सेशनची तारीख लिहा, ताजी तारीख वाचणाऱ्याला दिसते.

कर्जाचा हप्ता जड जात असेल तर चुकवण्याआधी बँकेत जा आणि मुदत वाढवून मागा. हप्ता बुडाल्यावर मागितलेली सवलत मिळणं कठीण. मधल्या काळात विमानतळावरचं ऑपरेशन्सचं, डिस्पॅचचं (उड्डाणांच्या नियोजनाचं) किंवा सिम सेंटरमधलं काम मिळत असेल तर घ्या. सिम सेंटरमध्ये रिकामी खुर्ची भरायला रेटेड माणूस नेहमी लागतो, आणि असे फुकट मिळालेले तास मी पाहिलेल्या कित्येकांना पुढच्या चाचणीत उपयोगी पडले आहेत.

रेटिंगची मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर टाका. इयासाच्या नियमांत शेवटच्या तीन महिन्यांत चेक दिला तर पुढचं वर्ष जुन्या तारखेपासूनच मोजलं जातं, एक दिवसही वाया जात नाही. म्हणजे चार महिने आधी जोडीदार ठरवा, साडेतीन महिने आधी सिमचा स्लॉट मागा, आणि स्लॉट मिळाल्यावर त्याच आठवड्यात इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं नूतनीकरणही त्याच चेकमध्ये करून देणारा परीक्षक गाठा.